अभिरूप संयुक्त राष्ट्रे परिषद

संयुक्त राष्ट्रांची आमसभा, सुरक्षा परिषद, आर्थिक व सामाजिक परिषद किंवा त्यांच्याशी संलग्न अशा एखाद्या मंडळाच्या कामकाजाची प्रतिकृती उभी करून विद्यार्थ्यांनी भरविलेली वादपरिषद. तीत भाग घेणारा विद्यार्थी स्वतःचे मत मांडीत नाही. त्याला नेमून दिलेल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून तो बोलतो, त्या देशाच्या धोरणाशी सुसंगत राहून इतर प्रतिनिधींशी वाटाघाटी करतो आणि अखेरीस एका लेखी ठरावावर मत देतो. ‘अभिरूप’ हा शब्द मराठीत मुख्यतः विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालयांमुळे परिचित आहे. कल्पित खटला चालवून वकिलीचे शिक्षण देण्याची ती पद्धत आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अध्ययनास लावली, म्हणजे अभिरूप परिषद तयार होते. युद्ध व शांतता यांच्या बरोबरीने दारिद्र्य, निर्वासितांचे प्रश्न, साथीचे रोग, बालमजुरी, स्त्रियांचे हक्क, नद्यांचे व हवेचे प्रदूषण आणि हवामानबदल हे तिचे नेहमीचे विषय होत.

महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांना परिचित असलेल्या वक्तृत्व व वादविवाद स्पर्धांहून ही परिषद मूलतः वेगळी आहे. वादविवादात दोनच बाजू असतात व परीक्षक त्यांतील एकीला विजयी ठरवितात. परिषदेत बाजू जितके देश तितक्या असतात. तेथे प्रतिपक्षाला निरुत्तर करून काहीच साधत नाही. त्याचे मत मिळविल्याखेरीज ठराव संमत होत नाही आणि ते मिळविण्यासाठी स्वतःच्या मसुद्यातील चार शब्द सोडावे लागतात. जे मत आपले नाही ते प्रामाणिकपणे मांडणे आणि जे मांडले त्याला मुरड घालणे, या दोन्ही गोष्टी वक्तृत्वाच्या प्रचलित शिक्षणात बसत नाहीत. त्यामुळे पल्लेदार भाषण करणारा विद्यार्थी अशा परिषदेत पुष्कळदा मागे पडतो, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

पूर्वपीठिका : या प्रथेचा उगम संयुक्त राष्ट्रांच्याही आधीचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर १० जानेवारी १९२० रोजी राष्ट्रसंघ अस्तित्वात आला. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी राष्ट्रसंघाच्या धर्तीवर एक आंतरराष्ट्रीय सभा भरविली. त्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयांमध्ये राष्ट्रसंघाच्या सभेची प्रतिरूपे भरविण्याची चाल पसरली. यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. राष्ट्रसंघाची कल्पना उचलून धरणारे वुड्रो विल्सन हे अमेरिकेचेच राष्ट्राध्यक्ष होते. परंतु अमेरिकी सीनेटने व्हर्सायच्या तहास मान्यता नाकारल्यामुळे अमेरिका राष्ट्रसंघाची सभासद कधीच झाली नाही. ज्या सभागृहात आपल्या देशाला आसन नव्हते, त्याचीच प्रतिकृती तेथील विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत उभी करीत होते. जिनीव्हातील खऱ्या सभागृहाची पुढे काय गत झाली हे सर्वश्रुत आहे. मँचुरिया व ॲबिसिनिया या दोन्ही प्रकरणी राष्ट्रसंघ हतबल ठरला आणि १९४६ मध्ये त्याचे विसर्जन झाले.

संयुक्त राष्ट्रांची सनद २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्वाक्षरित झाली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ५ एप्रिल १९४७ रोजी, पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्वार्थमोर महाविद्यालयात आमसभेची प्रतिकृती भरविण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या नावे भरलेली ही पहिली ज्ञात विद्यार्थी-परिषद होय. पुढील काही वर्षांत बर्कली (१९५२) व हार्व्हर्ड येथील विद्यार्थ्यांनी माध्यमिक शाळांसाठी अशा परिषदा सुरू केल्या. १९६८ मध्ये नेदर्लंड्समधील हेग येथे सुरू झालेल्या परिषदेने ही प्रथा अमेरिकेबाहेर खऱ्या अर्थाने नेली. यूरोप व आशिया खंडांतील अनेक आंतरराष्ट्रीय शाळांनी हेगची पद्धत स्वीकारली.

संयुक्त राष्ट्रांनी स्वतः १९७० मध्ये आपल्या पंचविसाव्या वर्धापनानिमित्त न्यूयॉर्क येथे जागतिक युवक सभा बोलाविली. तीत तरुण प्रतिनिधी कोणत्याही देशाची भूमिका वठवीत नव्हते. ते स्वतःच्या नावाने बोलत होते. अभिरूप परिषद आणि युवक सभा हे दोन प्रकार तेव्हापासून समांतर चालत आले आहेत व त्यांची गल्लत करू नये. अभिरूप परिषदांवर संयुक्त राष्ट्रांचे नियंत्रण नाही. २००९ ते २०११ या काळात जिनीव्हा, क्वालालुंपुर व इंचॉन येथे अनुक्रमे संयुक्त राष्ट्रांच्या माहिती विभागाच्या पुढाकाराने जागतिक अभिरूप परिषदा झाल्या, हा अपवाद.

कार्यपद्धती : परिषदेच्या काही आठवडे आधी प्रत्येक प्रतिनिधीस देश, मंडळ आणि विषय कळविले जातात. त्याने त्या देशाचा इतिहास, अर्थव्यवस्था, त्याने मान्य केलेले करार आणि पूर्वीच्या ठरावांवर त्याने दिलेली मते यांचा अभ्यास करून एक भूमिकापत्र लिहावयाचे असते. परिषदेचा आरंभ हजेरीने होतो. बोलू इच्छिणारे प्रतिनिधी देशाच्या नावाचा फलक उंचावतात व अध्यक्ष त्यांची नावे वक्त्यांच्या यादीत घेतो. औपचारिक भाषणे ठराविक सेकंदांची असतात. अधूनमधून सभा तहकूब करून अनौपचारिक विचारविनिमयास वेळ देतात. प्रतिनिधी आसने सोडून घोळक्याने उभे राहतात, कोणी जमिनीवर बसून मसुदा लिहितो, कोणी एका गटातून दुसऱ्या गटात निरोप नेतो. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटतो. वस्तुतः परिषदेचे खरे काम याच वेळात होते. अमेरिकी पद्धतीत मसुदा परिषदेतच जन्मास यावा असा कटाक्ष असतो, तर हेगच्या पद्धतीत प्रतिनिधी ठराव घरून लिहून आणतात व पाठिंबा गोळा करतात.

ठरावाची भाषा हे या शिक्षणाचे मर्मस्थान होय. संयुक्त राष्ट्रांचा संपूर्ण ठराव व्याकरणदृष्ट्या एकच वाक्य असतो. आमसभा किंवा परिषद हा त्याचा कर्ता. आरंभीचे प्रास्ताविक परिच्छेद ‘स्मरून’, ‘चिंता व्यक्त करून’, ‘नोंद घेऊन’ अशा धातुसाधितांनी सुरू होतात व स्वल्पविरामाने संपतात. त्यानंतरचे कार्यकारी परिच्छेद क्रमांकित असून ‘शिफारस करते’, ‘आवाहन करते’, ‘निषेध करते’ अशा क्रियापदांनी सुरू होतात. या क्रियापदांना उतरंड आहे. ‘नोंद घेते’ यात संमती नाही. ‘स्वागत करते’ यात आहे. बंधनकारक निर्णय घेण्याचा अधिकार सनदेच्या सातव्या प्रकरणान्वये सुरक्षा परिषदेला आहे. आमसभेचे ठराव, काही अंतर्गत बाबी सोडल्यास, शिफारशी असतात. पहिल्यांदाच भाग घेणारे प्रतिनिधी आमसभेत बसून ‘आदेश देते’ असे लिहितात, ही नेहमी आढळणारी चूक.

शब्दांवरची ही झटापट पोरखेळ नाही, हे दाखविणारी दोन उदाहरणे भारताशी संबंधित आहेत. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा (१९४८) मसुदा तयार होत असताना मानवी हक्क आयोगावरील भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकणाऱ्या इंग्रजी शब्दप्रयोगास हरकत घेतली आणि त्या जागी ‘सर्व मानव’ या अर्थाचा शब्दप्रयोग आला. दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेच्या अखेरच्या तासांत कोळशाच्या वापराविषयीचे एक क्रियापद भारताच्या आग्रहावरून बदलले गेले. कोळशाची ऊर्जा ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ असे शब्द आले. बेटांवरील देशांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. या दोन क्रियापदांमधील अंतर म्हणजे एका बाजूला समुद्राखाली जाणारी भूमी आणि दुसऱ्या बाजूला स्वस्त विजेवर अवलंबून असणारे कोट्यवधी लोक. भारताच्या आसनावर बसलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या बाजूचे, तर मालदीवच्या आसनावर बसलेल्या त्याच्याच वर्गमित्राला पहिल्या बाजूचे समर्थन करावे लागते.

पर्यावरण हा विषय या परिषदांमध्ये प्रामुख्याने आला तो स्टॉकहोम येथील मानवी पर्यावरण परिषदेनंतर (५ ते १६ जून १९७२). तीत ११३ देश सहभागी झाले होते. यजमान स्वीडनखेरीज ज्यांचे शासनप्रमुख स्वतः उपस्थित राहिले अशा देशांत भारत होता. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १४ जून रोजी केलेल्या भाषणात दारिद्र्य व अभाव हेच मोठे प्रदूषक नव्हेत काय, असा प्रश्न उपस्थित केला. श्रीमंत देशांनी शतकभर धूर सोडल्यानंतर गरीब देशांना संयमाचा उपदेश करावा का, हा वाद त्यानंतर रीओ दे जानेरो (१९९२), क्योटो (१९९७) व पॅरिस (२०१५) येथील वाटाघाटींमधून चालत आला. रीओच्या घोषणापत्राने ‘समान परंतु विभेदित जबाबदारी’चे तत्त्व नमूद केले. अभिरूप परिषदांतील हवामानविषयक चर्चा बहुधा याच तत्त्वाभोवती फिरते.

महाराष्ट्रातील परंपरा : विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन सामाजिक प्रश्नांवर पद्धतशीर चर्चा करण्याची परंपरा मुंबईस नवी नाही. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली १८४८ मध्ये ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदाने एखाद्या विषयावर निबंध वाचावा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावी, असा तिचा क्रम होता. इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठी तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा या नावाने निघाल्या. दादाभाई नवरोजी, भाऊ दाजी लाड, विश्वनाथ नारायण मंडलिक हे या संस्थेशी संबंधित होते. गुजराती शाखेत १८४९ मध्ये स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला गेला. त्यावर झालेली चर्चा तेथेच थांबली नाही. सभासदांनी त्याच वर्षी मुंबईत पारशी व हिंदू मुलींसाठी शाळा काढल्या आणि आरंभी स्वतः सकाळच्या वेळी विनावेतन शिकविले. जगन्नाथ शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेस आपल्या वाड्यात जागा दिली. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती याच्या आदल्या वर्षी. विशी-पंचविशीतील तरुणांच्या वादसभेतून अवघ्या काही महिन्यांत शाळा उभ्या राहाव्यात, असे उदाहरण नंतरच्या काळात विरळाच आढळते.

पुणे येथे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आणि वक्तृत्वोत्तेजक सभेचे कार्य यांनी सार्वजनिक भाषणाची अभिरुची वाढविली. मात्र तिचा झोक उत्तरोत्तर वक्त्याकडे वळला व चर्चा मागे पडली. महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धांनी तो झोक कायम केला.

प्रतिनिधिसभेच्या अनुकरणाची कल्पना भारतात शासकीय स्तरावर मांडली गेली ती मुंबईतच. १९६२ मध्ये येथे भरलेल्या चौथ्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शैक्षणिक संस्थांमध्ये अभिरूप संसद भरविण्यास उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली. तदनुसार संसदीय कार्य खात्याने १९६६-६७ मध्ये दिल्लीतील शाळांसाठी युवक संसद स्पर्धा सुरू केली व ती पुढे केंद्रीय विद्यालये आणि विद्यापीठे यांपर्यंत नेली. संसदेच्या प्रतिकृतीत पक्ष असतात, बहुमत आधीच ठरलेले असते आणि प्रश्नोत्तरांचा तास रंगतो. परंतु वाटाघाटीस वाव थोडा. अभिरूप संयुक्त राष्ट्रे परिषद ही उणीव भरून काढते.

अशा परिषदा भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीस काही मोजक्या शाळांत भरू लागल्या व २००० नंतर झपाट्याने पसरल्या. मुंबईत कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूलची परिषद जुन्यांपैकी एक मानली जाते. हार्व्हर्डच्या विद्यार्थ्यांची भारतीय परिषद २०११ मध्ये हैदराबाद येथे सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईत निघालेल्या एका विद्यार्थी-संघटनेने अनेक शहरांत परिषदा भरविण्यास प्रारंभ केला. करोनाच्या साथीत (२०२०-२१) परिषदा दूरस्थ पद्धतीने झाल्या. या प्रथेला भारतीय वळणही मिळाले आहे. लोकसभा किंवा सर्वपक्षीय बैठक यांची प्रतिकृती आता बहुतेक भारतीय परिषदांत संयुक्त राष्ट्रांच्या मंडळांशेजारी भरते आणि पुष्कळदा तीच अधिक गाजते.

प्रसाराबरोबर दोषही शिरले. परिषदेचे प्रवेशशुल्क, प्रवास आणि पोषाख यांचा खर्च सामान्य कुटुंबास जड जातो. कामकाज जवळजवळ सर्वत्र इंग्रजीत चालते. उत्कृष्ट प्रतिनिधीचे पारितोषिक हे अनेकांचे उद्दिष्ट बनल्याने मोठ्या देशांच्या आसनांसाठी चढाओढ होते व लहान देशाचा प्रतिनिधी हिरमुसतो. खऱ्या आमसभेत मात्र प्रत्येक देशाला एकच मत असते. खुद्द आमसभा आपले बहुतांश ठराव मतदानावाचून, सर्वसंमतीने स्वीकारते. अभिरूप परिषदांत उलट मतदानाचा क्षण नाट्यपूर्ण करण्याकडे कल असतो. पण याहूनही गंभीर दोष दुसराच आहे. प्रश्न जागतिक म्हटला की तो दूरचा वाटू लागतो. नाईल नदीच्या पाण्यावर तीन दिवस कसून वाद घालणाऱ्या प्रतिनिधीस आपल्या गावातील नाल्याचा उगम ठाऊक नसतो.

विठ्ठलवाडीचा परिसर : या दोषाचा विचार करताना ठाणे जिल्ह्यातील विठ्ठलवाडीचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल. मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर कल्याणनंतरचे हे स्थानक. त्याच्या एका अंगास कल्याण-डोंबिवली व दुसऱ्या अंगास उल्हासनगर महानगरपालिकेची हद्द येते. अभिरूप परिषदांच्या विषयपत्रिकेवर वारंवार येणारे दोन प्रश्न, निर्वासितांचे पुनर्वसन आणि अनेक सत्तांच्या हद्दींतून वाहणाऱ्या नदीचे प्रदूषण, या परिसराच्या इतिहासात एकत्र आले आहेत.

दुसऱ्या महायुद्धकाळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सु. एक लाख निर्वासितांना या छावणीच्या बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. त्यानंतर दोन वर्षांनी निर्वासितांच्या दर्जाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार (१९५१) झाला. परंतु त्याची मूळ व्याप्ती १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरती होती आणि फक्त यूरोपातील घटनांपुरती ती मर्यादित ठेवण्याची मुभा सभासद देशांना होती. ती कालमर्यादा व स्थलमर्यादा १९६७ च्या मसुद्याने (प्रोटोकॉलने) सैल केली. भारत या दोहोंपैकी कशाचाही सदस्य नाही. फाळणीग्रस्तांना भारताने नागरिक म्हणून सामावून घेतले. बराकींच्या जागी उद्योगी शहर उभे राहिले, आणि आजही तेथील लोक वस्त्यांना ‘कॅम्प’ असे म्हणून क्रमांकाने ओळखतात. निर्वासितविषयक समितीत भारताच्या आसनावर बसणाऱ्या या भागातील विद्यार्थ्याला करार न स्वीकारण्याच्या धोरणाचे समर्थन करावे लागते. त्याची पणजी कदाचित त्याच छावणीत उतरलेली असते.

नदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. वालधुनी ही लहानशी नदी अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावते, अंबरनाथ, उल्हासनगर व विठ्ठलवाडी यांना लागून वाहते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीस मिळते. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर (शके ९८२, इ. स. १०६०) हिच्याच काठी आहे. विसाव्या शतकात अंबरनाथ व उल्हासनगर येथे कारखाने वाढले, कपडे रंगविण्याचे व धुण्याचे लहान उद्योग दाटीवाटीने उभे राहिले, लोकवस्ती सांडपाण्याच्या व्यवस्थेपेक्षा किती तरी वेगाने वाढली. आणि नदीचा नाला झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये पात्रात टाकलेल्या रसायनातून निघालेल्या वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयांत दाखल करावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध केलेल्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाने जुलै २०१५ मध्ये निर्णय दिला व संबंधित स्थानिक संस्था आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांना मिळून सु. ९५ कोटी रुपये भरण्यास सांगितले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

या नदीची रचना आंतरराष्ट्रीय नद्यांसारखीच आहे. वरच्या अंगास अंबरनाथ, मध्ये उल्हासनगर, खाली विठ्ठलवाडी व कल्याण. प्रत्येकाची हद्द वेगळी, तिजोरी वेगळी, मतदार वेगळे. वरचा म्हणतो की, उद्योग बंद पडले तर रोजगार कोण देणार. मधला म्हणतो की, पाणी आमच्याकडे येतानाच खराब असते. खालच्याच्या वाट्याला दुर्गंधी व पावसाळ्यात पुराचे पाणी येते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत वालधुनीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार (१९९७, अंमल २०१४ पासून) ‘न्याय्य व वाजवी वापर’ आणि ‘दुसऱ्यास लक्षणीय हानी न पोहोचविणे’ ही दोन तत्त्वे सांगतो. त्यावरील मतदानात तुर्कस्तान, चीन व बुरुंडी यांनी विरोध केला होता, तर भारत तटस्थ राहिला होता. तुर्कस्तान हा युफ्रेटीस व टायग्रिस यांच्या, तर चीन हा ब्रह्मपुत्रा व मेकाँग यांच्या उगमाकडचा देश आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे वरच्या काठचा युक्तिवाद अंबरनाथपासून आनातोलियापर्यंत फारसा बदलत नाही असे दिसते. नाईलऐवजी वालधुनीवर परिषद भरविली, तर प्रतिनिधीस भूमिकापत्रासाठी ग्रंथालयाबरोबर नदीच्या काठावरही जावे लागेल. शिवाय तेथे एक अडचण आहे, जी दूरच्या नदीच्या बाबतीत येत नाही. रंगकामाच्या एखाद्या छोट्या कारखान्यात प्रतिनिधीचे वडील किंवा काका नोकरीस असू शकतात. ‘बंद करणे’ आणि ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’ यांतील अंतर तेव्हा त्याला शब्दकोशात शोधावे लागत नाही.

भाषा : संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा आहेत : अरबी, इंग्रजी, चिनी, फ्रेंच, रशियन व स्पॅनिश. इतर भाषेत बोलण्यास मज्जाव नाही. अटलबिहारी वाजपेयी यांनी परराष्ट्रमंत्री या नात्याने १९७७ मध्ये आमसभेत हिंदीतून भाषण केले होते. मराठीतून अभिरूप परिषदा अद्याप क्वचितच भरतात. त्यासाठी शब्द अपुरे पडतील ही शंका मात्र निराधार आहे. महाराष्ट्र विधिमंडळाच्या मराठी कामकाजामुळे ठराव, अनुमोदन, दुरुस्ती, हरकतीचा मुद्दा, तहकुबी, आवाजी मतदान, सभात्याग हे शब्द वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणासही परिचित आहेत. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) पदनाम कोशापासून आरंभ करून प्रशासन व विविध शास्त्रे यांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत. ठरावाच्या प्रास्ताविक परिच्छेदांना लागणारी ‘स्मरून’, ‘जाणून’, ‘लक्षात घेऊन’ ही पूर्वकालवाचक रूपे तर मराठीच्या अंगचीच. इंग्रजीत कृत्रिम वाटणारे ते लांबलचक एकवाक्यी ठराव मराठीत सहज उतरतात, कारण कर्ता आरंभी ठेवून क्रियापद अखेरपर्यंत लांबविण्याची सवय या भाषेला पूर्वीपासून आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील विद्यार्थ्याने ‘ही सभा वालधुनीच्या स्थितीबद्दल चिंता व्यक्त करून, वरच्या व खालच्या काठच्या नगरांना आवाहन करते की’ असे लिहावयास बसल्यास त्यापुढील शब्द त्याला मराठीतच सुचतील.